पाटीएवढे पुस्तकालय

बैलबाजारात दहा माणसे जातात. दहाही जणांना बैलच घ्यायचा असतो. पण दहा जण दहा गोष्टी बघतात. कोणी दात मोजतो, कोणी खांदा चाचपतो, कोणी खूर उचलून पाहतो. गाडीला जुंपणारा चालीवर नजर ठेवतो. अकोले-इगतपुरीकडचा माणूस डांगी जनावर शोधतो. त्याला भर पावसात भाताच्या खाचरात चिखलणी करायची असते. माणदेशातला माणूस खिलाराशिवाय दुसरे नाव घेत नाही. बैल चांगला की वाईट, एवढे विचारून भागत नाही. कोणाला हवा, कशाला हवा, तेही विचारावे लागते.

आज आपण एका यंत्राची माहिती घेऊ. या यंत्रावर पुस्तके वाचतात. आकाराने ते लहान मुलाच्या पाटीएवढे, किंवा त्याहूनही थोडे लहान. वजन सुमारे दीडशे ग्रॅमपासून पुढे. त्याच्या पोटात शेकडो, हजारो पुस्तके मावतात. इंग्रजीत त्याला ई-रीडर म्हणतात. आपण वाचनयंत्र म्हणू. हे यंत्र बाजारात आले तेव्हा घेणाऱ्यांनी काय काय मागितले, काय मिळाले आणि भांडण कशावरून झाले, ते आपण बघू. हे बरेचसे घडले अमेरिकेत. पण त्याचा धागा आपल्यापर्यंत येतो.

आधी यंत्र चालते कसे ते समजून घेऊ. मोबाईलचा पडदा तुम्ही पाहिला आहे. त्याच्या आत दिवा असतो. तो उजेड सरळ डोळ्यांत येतो. उन्हात मोबाईल धरला की काही दिसत नाही. आपण हाताचा आडोसा करतो. वाचनयंत्राचा पडदा निराळा. त्यात लाखो बारीक गोळ्या असतात. साबुदाणा डोळ्यांपुढे आणा. पण ही गोळी केसाच्या जाडीएवढीच. प्रत्येक गोळीत पातळ, स्वच्छ द्रव असतो आणि त्यात पांढरे व काळे कण तरंगतात. पांढऱ्या कणांवर एक प्रकारचा विजेचा भार असतो, काळ्यांवर त्याच्या उलट. खालून वीज दिली की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे खाली जातात. जिथे काळे वर आले तिथे अक्षर उमटते. जिथे पांढरे आले तिथे कागद दिसतो. एकदा अक्षर उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही. पान उलटतानाच काय ती लागते. म्हणून हे यंत्र एकदा चार्ज केले की कित्येक आठवडे चालते. आणि उन्हात ते जास्तच स्वच्छ दिसते, छापील पानासारखे.

या शाईला ई-इंक म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी ती शोधली आणि १९९७ साली त्याच नावाची कंपनी निघाली. त्याआधीही वाचनयंत्रे निघत होतीच म्हणा. १९९८ साली रॉकेट ई-बुक आणि सॉफ्टबुक अशी दोन यंत्रे आली. ती जड होती, पडदा मोबाईलसारखा होता, पुस्तके थोडी होती. काही वर्षांत दोन्ही बंद पडली.

नव्या शाईचे पहिले यंत्र २००४ साली जपानमध्ये सोनी कंपनीने काढले. नाव लिब्रिए. पडदा सुरेख होता. लोकांनी मात्र पाठ फिरवली. कारण ऐका. पैसे देऊन घेतलेले पुस्तक साठ दिवसांनी आपोआप बंद पडायचे! दाणे आपले, कणगी आपली, आणि दोन महिन्यांनी कणगीला कुलूप. कोण घेईल?

मग १९ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेत ॲमेझॉन या दुकानदार कंपनीने किंडल नावाचे यंत्र विकायला काढले. किंडल म्हणजे पेटवणे, चेतवणे. किंमत ३९९ डॉलर. साडेपाच तासांत सगळी यंत्रे संपली. त्यात एक सोय होती. यंत्राला बिनतारी जोडणी होती आणि तिचा वेगळा पैसा पडत नव्हता. घरी बसून पुस्तक निवडायचे; मिनिटभरात ते यंत्रात येऊन पडायचे. गिऱ्हाइकाला पडदा हवा होता, हे खरे. पण पडद्याइतकेच त्याला भरलेले दुकान हवे होते. आधीच्या कंपन्यांना हे नीट उमगले नव्हते.

आता गिऱ्हाइके बघू.

पहिले गिऱ्हाईक म्हणजे कादंबरी खाणारा माणूस. आठवड्याला तीन-तीन कादंबऱ्या वाचणारे लोक असतात. त्यांना नकाशे नकोत, चित्रे नकोत, टिपणे नकोत. यंत्र हलके हवे, एका हातात मावायला हवे. पहिल्या किंडलच्या दोन्ही कडांना पान उलटायची लांबलचक बटणे होती. यंत्र उचलले की बटण दाबले जायचे आणि पान पुढे पळायचे. लोक वैतागले. पुढे बटणे लहान झाली, मग पडद्याला बोट लावून पान उलटू लागले, काही यंत्रांत बटणे नाहीशीच झाली. तेव्हा दुसरे लोक वैतागले! आगगाडीत उभ्याने दांडी धरून वाचणाऱ्याला बटणच बरे वाटते. अंगठा हलवला की झाले. मांडीवर तान्हे मूल घेऊन वाचणाऱ्या आईचेही तेच. आजही बटणवाले आणि बिनबटणवाले असे दोन पक्ष आहेत.

काही जणांना न्हाणीघरात पाण्याच्या टबात बसून वाचायची सवय. आम्हाला हे वाचून हसू आले. पण मागणी खरी होती. २०१४ साली कॅनडातल्या कोबो कंपनीने पाण्यात न बिघडणारे यंत्र काढले, २०१७ साली किंडलनेही काढले. आपल्याकडे भातलावणीच्या दिवसांत गळक्या घरात ते कामाला यावे.

दुसरे गिऱ्हाईक रात्री वाचणारे. ई-इंकच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. दिवा मालवला की पुस्तक मिटले. शेजारी निजलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून लोक यंत्राला चिमट्याने छोटी बत्ती लावत. २०१२ साली असे पडदे आले की ज्यांच्या कडेला बारीक दिवे असतात आणि त्यांचा उजेड पडद्यावर समोरून पसरतो. डोळ्यांत सरळ येत नाही.

तिसरे गिऱ्हाईक पैसे मोजून घेणारे. तुमच्या-आमच्यासारखे. ३९९ डॉलरचे यंत्र उतरत उतरत २०१० साली १३९ डॉलरवर आले. २०११ साली तर ७९ डॉलरला मिळू लागले. पण त्यात मेख होती. ७९ डॉलरचे यंत्र मिटून ठेवले की पडद्यावर जाहिरात दिसे. जाहिरात नको असेल तर १०९ डॉलर मोजा. पुष्कळांनी जाहिरात पत्करली. वाचताना ती मधे येत नाही, मग आमचे काय जाते, असे त्यांचे म्हणणे. काहींना मात्र पैसे देऊन घेतलेल्या वस्तूवर दुसऱ्याची पाटी नको होती. दोघांचेही बरोबर आहे.

चौथे गिऱ्हाईक विद्यार्थी. इथे यंत्र कमी पडले. २००९ साली किंडलचे मोठ्या पडद्याचे यंत्र आले. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनसारख्या काही विद्यापीठांत ते मुलांना वापरायला दिले. छपाईचा कागद वाचला. पण मुलांची तक्रार अशी: समासात लिहिता येत नाही, झटकन मागचे पान काढता येत नाही, आणि पानाला नंबरच नाही. कादंबरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरळ वाचतात. अभ्यासाचे पुस्तक तसे वाचत नाहीत. त्यात बोट घालून ठेवतात, मागे-पुढे करतात, खुणा करतात. शिक्षक म्हणणार ‘पान चाळीस काढा’, आणि यंत्रात पान चाळीस नाही! कारण अक्षर मोठे केले की पाने वाढतात, लहान केले की कमी होतात. पुढे २०११ साली छापील पुस्तकाचे पान-नंबर यंत्रात दाखवायची सोय केली. पेनाने लिहिता येतील अशी यंत्रेही आली: २०१७ साली नॉर्वे देशातले रिमार्केबल, २०२२ साली किंडल स्क्राइब. ती महाग आहेत.

आता ज्या गिऱ्हाइकाविषयी आम्हाला जास्त सांगायचे आहे त्याकडे येऊ.

अंध माणसाला छापील पुस्तक म्हणजे कोरा कागद. कोणी वाचून दाखवील तर ऐकायचे. फेब्रुवारी २००९ मध्ये दुसरे किंडल आले. त्यात एक नवी गोष्ट होती. यंत्र पुस्तक मोठ्याने वाचून दाखवी! आवाज यंत्राचाच, थोडा कोरडा. पण वाचन चोख. अंध लोकांना आनंद झाला. ज्या दिवशी पुस्तक डोळस माणसाला मिळेल त्याच दिवशी, त्याच किमतीत ते आपल्यालाही मिळेल, असे त्यांना वाटले.

पण लेखकांच्या संघटनेने हरकत घेतली. ऑथर्स गिल्ड तिचे नाव. तिचे म्हणणे असे की, पुस्तक छापायचा हक्क वेगळा आणि आवाजात विकायचा हक्क वेगळा. आवाजातली पुस्तके निराळी विकली जातात, त्यावर लेखकाला पैसे मिळतात. कंपनीने माघार घेतली. कोणत्या पुस्तकाला आवाज ठेवायचा नि कोणत्या नाही, ते प्रकाशकाने ठरवावे, असे तिने सांगितले. काही प्रकाशकांनी आवाज बंद केला. एप्रिल २००९ मध्ये अंध माणसे पांढऱ्या काठ्या घेऊन न्यूयॉर्क शहरात लेखकांच्या संघटनेच्या दारात निदर्शनाला उभी राहिली. लेखकालाही पोट आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्याला डोळे नाहीत तो छापील पुस्तक घेणारच नव्हता. त्याला ऐकू दिले तर लेखकाचे कोणते गिऱ्हाईक कमी होते, हे आम्हाला अजून कळलेले नाही.

गंमत पुढेच आहे. यंत्र पुस्तक वाचून दाखवी. पण पुस्तक निवडायची यादी, चालू-बंदच्या खुणा, या गोष्टी ते बोलत नसे. म्हणजे अंध माणसाला कोणी डोळसाने पुस्तक लावून द्यायला हवे. विहिरीला पाणी आहे, पण पोहऱ्याला दोर नाही. अशी यंत्रे विद्यापीठाने अभ्यासाला दिली तर अंध विद्यार्थ्याने काय करायचे? जून २००९ मध्ये अंधांच्या दोन संघटना आणि एक अंध विद्यार्थी ॲरिझोना राज्यातल्या विद्यापीठाविरुद्ध कोर्टात गेले. जानेवारी २०१० मध्ये तडजोड झाली. पुढे असे यंत्र घ्यायचे तर अंधांना वापरता येईल असेच घेण्याचा प्रयत्न करू, असे विद्यापीठाने मान्य केले. त्याच वर्षी निघालेल्या किंडलमध्ये यादीही बोलू लागली. मग २०१२ साली नवी पातळ यंत्रे आली आणि त्यांतून आवाजच काढून टाकला! तो २०१६ साली परत आला, तोही बिनतारी कर्णयंत्र जोडले तर.

आपल्या देशाचे एक सांगायला हवे. अंधांसाठी पुस्तकाची प्रत करताना हक्काची आडकाठी येऊ नये, असा एक करार जून २०१३ मध्ये मोरोक्को देशातल्या माराकेश शहरात झाला. २०१४ साली त्याला मंजुरी देणारा जगातला पहिला देश भारत. २०१६ साली आपल्याकडे ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झाले. ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही अशांसाठी ते आहे. तुमच्या गावात असे कोणी असेल तर हे नाव लिहून घ्या.

मागच्या पावसाळ्यात आम्ही एक वाचनयंत्र आमच्या प्रौढवर्गात नेले. ते हातोहात फिरले. एका आजींनी विचारले, “हे अक्षर मोठं होतं का रं गुरुजी?” आम्ही अक्षर वाढवून दिले. त्या म्हणाल्या, “आणिक.” पुन्हा वाढवले. “आणिक.” शेवटी एका ओळीत दोनच शब्द मावू लागले. तेव्हा आजींनी चष्मा काढून ठेवला आणि एकेक शब्द बोटाने दाखवत सबंध पान वाचले. दोन वर्षांत त्यांनी छापील पुस्तकाचे एवढे वाचले नव्हते. आम्ही समजत होतो, आजींना अक्षर ओळखता येत नाही. आजींना अक्षर दिसतच नव्हते.

पण लगेच दुसरा धडा मिळाला. आजींना एक मराठी पुस्तक हवे होते. ते आम्ही मोफत उतरवून घेतले होते. त्यात अक्षर वाढेना. कारण ते पुस्तक पीडीएफ या प्रकारचे होते. पीडीएफ म्हणजे छापील पानाचे जणू छायाचित्र. फोटोतल्या माणसाला मोठे करायचे तर सगळा फोटो मोठा करावा लागतो. मग ओळ पडद्याबाहेर जाते आणि वाचणारा डावी-उजवीकडे सरकवत बसतो. दुसऱ्या प्रकारात शब्द मोकळे असतात. अक्षर वाढले की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. मराठीत अजून पुष्कळ पुस्तके पीडीएफच आहेत. यंत्र घ्यायच्या आधी हे विचारून घ्यावे: मला जे वाचायचे आहे ते कोणत्या प्रकारात मिळते? किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके २०१६ च्या डिसेंबरात आली. त्यांत अक्षर वाढते.

वर्गातल्या एका काकूंचे म्हणणे होते, “मोबाईल हाये की घरात. त्याच्यावर वाचता येत नाही का?” येते. दुकानांची ॲप मोबाईलवर फुकट मिळतात. आफ्रिकेत घाना देशात असेच झाले. वर्ल्डरीडर नावाच्या संस्थेने २०१० च्या सुमारास तिथल्या शाळांना वाचनयंत्रे दिली. जिथे पुस्तकांची पेटीही नव्हती तिथे मुलांच्या हातात शेकडो पुस्तके आली. मुले वाचू लागली. पण यंत्रे फुटू लागली. नाजूक काचेचा पडदा, आणि हाताळणारी मुले! पुढे त्या संस्थेने साध्या मोबाईलवरही पुस्तके द्यायला सुरुवात केली, कारण मोबाईल घरोघर पोचला होता. मोबाईलवर डोळे लवकर शिणतात, मधेच फोन येतो, वाचता वाचता बोट भलतीकडे जाते. तरी ज्याच्याकडे पैसे एकाच यंत्राचे आहेत त्याने काकूंचे ऐकावे, असे आमचे मत.

आबांनी मात्र यंत्र हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिले. मग विचारले, “गुरुजी, मी ह्याच्यात पुस्तकं घेतली, नि उद्या मी गेलो, तर ती नातवाला मिळतील का?”

आम्ही गप्प झालो. कारण उत्तर सोपे नाही.

जुलै २००९ मधली गोष्ट. अमेरिकेत पुष्कळांनी जॉर्ज ऑर्वेल या लेखकाची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तके किंडलवर विकत घेतली होती. ज्याने ती दुकानात ठेवली त्याच्याकडे त्यांचा हक्क नव्हता. हे कळल्यावर कंपनीने विकलेल्या प्रती लोकांच्या यंत्रांतून दूरवरूनच पुसून टाकल्या. पैसे परत दिले. पण घरात शिरून वस्तू उचलून न्यायची आणि उंबऱ्यावर पैसे ठेवायचे, हा कुठला व्यवहार? त्यातून ‘१९८४’ ही कादंबरी अशा सरकारची आहे की जे नको असलेले जुने कागद जाळून टाकते. मिशिगन राज्यातल्या एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी त्या पुस्तकावर टिपणे केली होती. पुस्तक गेले, टिपणे कशावर आहेत तेच कळेना. तो कोर्टात गेला. कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली, आणि दीड लाख डॉलरवर प्रकरण मिटले.

२०१९ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले. दुकान बंद झाले, तशी विकलेली पुस्तकेही बंद झाली. याही वेळी पैसे परत मिळाले.

वाचनालयांचीही हीच अडचण. अमेरिकेत सप्टेंबर २०११ पासून ११,००० हून अधिक वाचनालयांतून किंडलवर पुस्तक उसने घेता येऊ लागले. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जाते. दंड नाही, फाटणे नाही. फार चांगले. पण त्याच वर्षी हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने नियम केला की, असे पुस्तक २६ वेळा दिले की वाचनालयाने ते पुन्हा विकत घ्यावे. कागदी पुस्तकही झिजते, असा त्यांचा हिशेब. ग्रंथपाल रागावले. आमच्या केंद्रातली काही कागदी पुस्तके २६ काय, शंभर हातांतून गेली आहेत. पुठ्ठा नवा लावला, चालली पुढे.

यंत्रातले पुस्तक घेताना आपण बहुधा पुस्तक विकत घेत नाही. ते वाचायची परवानगी घेतो. बारीक अक्षरात हे आधीही लिहिलेले असायचे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात २०२५ च्या जानेवारीपासून कायदाच झाला की, अशी परवानगी विकताना ‘विकत घ्या’ म्हणायचे असेल तर ही परवानगी आहे हे स्पष्ट सांगा. आणि २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तके दुकानाच्या संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून, तारेने यंत्रात घालायची जुनी सोय बंद झाली. काही विक्रेते आणि प्रकाशक कुलूप नसलेली पुस्तके देतात. ज्या पुस्तकांच्या हक्काची मुदत संपली आहे तीही मोकळी असतात. ती नातवाला देता येतात.

हे सगळे आम्ही आबांना सांगितले. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी येताना ते लाल फडक्यात बांधलेली एक पोथी घेऊन आले. पहिल्या पानावर मोडीत काही लिहिले होते. आबा म्हणाले, “हे आज्याचं नाव म्हणत्यात. मला मोडी येत नाही. गुरुजी, हे कोण वाचून देईल?”

आम्हालाही मोडी येत नाही. पोथी तालुक्याच्या गावी एका जाणत्या माणसाकडे दाखवायला नेली आहे. वाचनयंत्र वर्गाच्या कपाटात असते. मंगळवारी आणि शुक्रवारी ते आजींकडे असते.